खाली उतरणारा अंतरा

मित्रांनो, आधी ओळख करून देतो, नाहीतर म्हणाल हा खोका कोण आणि एवढं काय बडबडतोय. जुना टेपरेकॉर्डर आहे मी. कपाटाच्या माथ्यावर, गुंडाळलेल्या गादीच्या शेजारी बसून असतो. अंगाला एक झाकण, पाच बटणं, त्यातलं एक लाल. पोटात एक रबरी पट्टा होता, तो सुकून कडक झालाय आणि दोन ठिकाणी तुटलाय. तसा पट्टा आता कुठे मिळत नाही म्हणतात.

शाळेत मी गेलो नाही. जे काही येतं ते कानावर पडून आलेलं. तेव्हा बोलणं थोडं ओबडधोबड वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलाशी बायका ओळीनं बसलेल्या असायच्या. एकीनं मोटार बसवायची, दुसरीनं पट्टा चढवायचा, तिसरीनं स्क्रू पिळायचे. माझी पाळी आली आणि त्या तिसरीला नेमकी शिंक आली. मोटारीचा एक स्क्रू अर्धाच बसला. तेव्हापासून मी चालू झालो की पोटातून किर्र असा बारीक आवाज निघायचा. तपासणाऱ्यानं कान लावला, म्हणाला, "चालतंय ना? मग जाऊ दे पुढे." आणि मी गेलो पुढे. त्या अर्ध्या स्क्रूनं पुढे काय केलं ते सांगेनच.

पहिली सहा वर्षं एका कचेरीत काढली. साहेब खुर्चीत रेलून पत्रं सांगायचे, मी ती धरून ठेवायचो आणि टायपिस्टबाई माझ्याकडून ऐकून टाईप करायच्या. "आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की..." सहा वर्षं मी नुसता अनुसरत होतो. कोणी हसलं नाही, कोणी रडलं नाही, कोणी साधं खोकलं तर साहेब म्हणायचे, "ते पुसा." मग नवं यंत्र आलं आणि मला भंगारात काढायचं ठरलं. तेव्हा टायपिस्टबाईंनी साहेबांना विचारलं, "हा मी नेऊ का घरी?" साहेब म्हणाले, "न्या की, तेवढीच जागा मोकळी."

तर ही टायपिस्टबाई म्हणजे आमची ताई. तिनं मला पिशवीत घालून घरी आणलं, आणि त्या दिवशी मला कळलं की माणसाच्या तोंडातून पत्राशिवाय दुसरंही काही निघतं.

घर दोन खोल्यांचं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर हे. पुढच्या खोलीत सतरंजी, दोन तंबोरे, आणि भिंतीला पाठ टेकून बुवा. बुवा म्हणजे ताईचे वडील. गाणं शिकवायचे. ताईची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक, दोघंच. बुवांनी मला खालून वर बघितलं.

"हे काय उचलून आणलंस?"

"टेपरेकॉर्डर, बाबा. तुमची तालीम धरून ठेवायला."

"का? मी कुठं पळून चाललोय?"

"तसं नाही हो."

"मग कसं? उद्या पोरं या खोक्यासमोर बसतील. माझ्याकडे कशाला येतील?"

"खोका चुका काढत नाही, बाबा. शिव्याही देत नाही. येतील तुमच्याकडेच."

बुवा हसले. हसले म्हणजे मिशीचं एक टोक हललं, तेवढंच. म्हणाले, "ठेव. पण अस्ताईपुरता. अंतऱ्याला हात लावायचा नाही त्यानं."

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. गाणारी माणसं बंदिशीला चीज म्हणतात. चीजेचे दोन भाग. पहिला अस्ताई, दुसरा अंतरा. अस्ताई म्हणजे घराची पुढची खोली समजा, आणि अंतरा म्हणजे आतली. त्या घरातली रीत अशी की अस्ताई कोणालाही शिकवायची, पण अंतरा द्यायचा तो अस्ताई गळ्यात मुरल्यावर. कधी वर्ष, कधी पाच वर्षं. आणि द्यायचा तोही एका वेळी एकालाच, दार लावून, कानाशी तोंड नेऊन. शब्द वहीत लिहिलेले चालायचे. चाल मात्र कागदावर नाही, फितीवर नाही, फक्त गळ्यातून गळ्यात.

बाकीच्या चीजा दुसरीकडेही गायल्या जायच्या, त्यांचं एवढं काही नाही. पण एक चीज होती ती फक्त त्या घरातली. बुवांच्या आजोबांनी बांधलेली. सगळे तिला आजोबांची चीजच म्हणायचे. तिचा अंतरा त्या वेळी जगात एका माणसाला येत होता आणि तो माणूस माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेला होता.

त्या अंतऱ्याची गंमत काय होती सांगू? एरवी अंतरा म्हटला की तो वर जातो. वरच्या षड्जाकडे चढतो, गाणाऱ्याची मान वर, ऐकणाऱ्याची मान वर. आजोबांचा अंतरा वर निघाल्यासारखं करायचा, आता पोहोचणार असं वाटायचं, आणि तिथूनच मागे वळून खाली उतरायला लागायचा. खाली, अजून खाली, अगदी छातीतल्या स्वरांपर्यंत. जिना उतरताना दिवा घेऊन कोणीतरी पुढे चालावं, तसा. मला हे कसं माहीत? अहो, मी त्याच खोलीत होतो. बंद असलो तरी ऐकू येतं मला. फक्त बंद असताना ऐकलेलं मला बोलून दाखवता येत नाही. माझ्या तोंडून निघतं ते फितीवरचं. एवढंच माझं दुखणं, आणि ते जन्माचं आहे.

तेव्हा शिकायला नऊ-दहा जण यायचे. त्यात एक कंपाउंडर होता. दवाखान्यात औषधं बांधून द्यायचा, बाटल्यांवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवायचा. सकाळी साडेसहाला यायचा, साडेआठला दवाखान्यात पळायचा. अंगाला कायम स्पिरिटचा वास. आवाज म्हणाल तर बेताचा. बुवा तोंडावर म्हणायचे, "कंपाउंडर, तुझा आवाज ऐकून पेशंट बरा होईल, पण घाबरून." तो म्हणायचा, "बरा होतोय ना बुवा? मग झालं." पण एकदा शिकवलेलं त्याच्या डोक्यातून हलायचं नाही. चार वर्षं त्यानं आजोबांच्या चीजेची अस्ताई घोटली आणि एका सकाळी बुवा म्हणाले, "दार लाव."

ताई तेव्हा खोलीतच होती. ती चटकन उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. जोरात, बादली भरून वाहून जाईल इतका. आपल्याला न दिलेलं ऐकणं म्हणजे चोरी, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती स्वतः नऊ वर्षं ती अस्ताई गात होती, कंपाउंडरच्या दुपटीहून जास्त. गळा तर असा, की खालचा सायकलवाला हातोडी थांबवायचा. पण बुवा म्हणायचे, "अजून कच्ची आहे." आपल्या लेकीला आपण झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये, याची त्यांना फार धास्ती. त्या धास्तीपोटी ते तिला उलटं मापच द्यायचे.

चार महिने असं चाललं. आठवड्यातून एकदा दार लागायचं, मी बंद व्हायचो, आत नळ सुटायचा. आणि दाराबाहेर येताना कंपाउंडरचे डोळे ओले असायचे.

आता त्याची चूक सांगतो. चूक त्याची म्हणा, माझी म्हणा. बुवांना त्या वर्षी खोकला लागला होता. दवाखान्यातला माणूस तो, छाती कशी वाजते हे त्याला कळायचं. त्यातून अंतऱ्यातली एक जागा त्याच्या हातातून सारखी निसटत होती. ती नेमकी वळायची जागा, जिथून अंतरा मागे फिरतो. त्यानं काय करावं? एका सकाळी दार लावायला उठताना त्यानं माझी दोन बटणं एकदम दाबली आणि वर शाल टाकली.

मित्रांनो, खरं सांगतो, तेवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. कचेरीत सहा वर्षं अनुसरलो त्याचं सार्थक झालं असं वाटलं. बुवा गात होते आणि मी धरत होतो. पहिला स्वर धरला, दुसरा धरला, ती वळायची जागा धरली. पंधरा मिनिटं मी जगातला सगळ्यात श्रीमंत खोका होतो.

आणि बुवा थांबले.

"हे किर्र काय वाजतंय?"

कंपाउंडर तंबोऱ्याची खुंटी चाचपायला लागला.

"तंबोऱ्यात नाही ते. षड्जाला चिकटून खालून काहीतरी चाललंय. काय आहे?"

तो अर्धा बसलेला स्क्रू! रस्त्यावरची वाहनं, खालची हातोडी, आतला नळ, एवढ्या सगळ्यातून त्या म्हाताऱ्याच्या कानानं माझी किर्र वेचून काढली. त्यांनी शाल उचलली. फिरणारी फीत बघितली. मग हाक मारली, "पोरी, नळ बंद कर. बाहेर ये."

ताई आली. बुवा कंपाउंडरला म्हणाले, "पूस."

"बुवा, तुमच्या खोकल्यामुळं मला वाटलं..."

"मी मरेन असं वाटलं. मरेनच की. पूस तुझ्या हातानं."

पुसायचं कसं, तर फीत मागं नेऊन तीच बटणं पुन्हा दाबायची आणि गप्प बसायचं. पंधरा मिनिटं तिघं माझ्यासमोर गप्प बसले. मी बुवांचा एकेक स्वर सोडत गेलो आणि त्याच्या जागी खोली धरत गेलो. खालची हातोडी. बुवांचा खोकला, दोनदा. कंपाउंडरनं एकदा नाक ओढलं, ते. ताईच्या बांगडीचा एक आवाज. कुणीतरी माझ्या घशात हात घालून घास काढून घ्यावा, तसं झालं मला.

झाल्यावर बुवा म्हणाले, "फितीवरचं गेलं. आता गळ्यातलंही टाकून दे. विसर ते. आणि इथं येऊ नको."

कंपाउंडर वाकला, पायांना हात लावला, म्हणाला, "जी." आणि गेला.

पुढची पाच वर्षं मी अस्तायाच धरत राहिलो. एकसष्ट कॅसेटी झाल्या. विद्यार्थी कमी होत होते. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाला कंटाळा. शेवटी तिघं राहिले, त्यातला एक तर घरी बायको ओरडते म्हणून शांत बसायला यायचा. बुवा मधूनच विचारायचे, "कंपाउंडर दिसतो का गं कुठं?"

"दवाखान्यातच असतो. बोलावू का?"

"बोलाव म्हटलं का मी? दिसतो का, एवढंच विचारलं."

ताईनंही एकदा धीर करून विचारलं, "बाबा, मला कधी देणार? चौदा वर्षं झाली मला."

बुवा म्हणाले, "देतो. घसा जरा सुटू दे. फाटक्या आवाजात दिला तर तुझ्याकडे फाटकाच राहील."

घसा काही सुटला नाही. एका दुपारी पाणी प्यायला उठले आणि भांडं हातातून पडलं. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, बोलणं परत येईल असं वाटत नाही. जो माणूस दिवसभर सा लावायचा त्याच्या तोंडून आता फक्त हं निघायचं, आणि तेही सुरात नसायचं. हे त्यांना स्वतःला कळत होतं. हं म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

ताईनं काय काय केलं ते मी बघितलंय. तिनं ती पुसलेली कॅसेट काढली, माझ्या पोटात घातली आणि कान माझ्या जाळीला लावून बसली. पुसलेल्याच्या खाली काही उरलं असेल, म्हणून. काही उरलं नव्हतं. मी चोख पुसतो, तेवढा एकच गुण माझ्यात कारखान्यानं नीट बसवला.

मग तिनं मला पिशवीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. कंपाउंडर खिडकीमागे बाटल्या पुसत होता. केस पांढरे झालेले. ताईला बघून पटकन उठला.

"ताई! बुवांचं कळलं मला. दोनदा खालपर्यंत येऊन गेलो. वर यायचा धीर झाला नाही. येऊ नको म्हणाले होते."

"दादा, मी मागायला आलेय. आजोबांच्या चीजेचा अंतरा. तुझ्याशिवाय कोणाकडे नाही." तिनं मला काढून खिडकीत ठेवलं, दोन्ही बटणं दाबली. "गा. कसा का असेना, गा."

 मग हळूच हात पुढे करून त्यानं मला बंद केलं.

"नाही येत, ताई."

"रागावलायस? राग असणारच, पण..."

"राग कसला? त्यांनी सांगितलं विसर, मी विसरलो."

"असं कोणी विसरतं का रे?"

"खटपट करून विसरलो. रोज सकाळी साडेसहाला गळ्याशी यायचा. आला की मी औषधांची नावं म्हणायचो. मोठ्यानं, कपाटातल्या ओळीनं. बायको म्हणायची, वेड लागलं. दोन वर्षं लागली, ताई. शिकायला चार महिने लागले होते." त्यानं पुसलेलीच बाटली पुन्हा पुसायला घेतली. "बुवांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती. ती तरी नीट करावी म्हटलं."

ताई खाली बाकावर बसली. ती ओरडली नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "मी नळ सोडायचे रे. चार महिने. एकदा जरी बंद केला असता."

दोघं चांगली माणसं, मित्रांनो. दोघांनी सांगितलेलं ऐकलं. वाईट माणसाच्या हातून गेलं असतं तर मला निदान शिवी तरी देता आली असती.

मग उरले बुवाच. त्यांचे कान शाबूत होते, समज शाबूत होती, डावा हात चालत होता. ताईनं ठरवलं, आपण अंदाजानं गायचं, बाबा मान हलवून सांगतील. रोज सकाळी ती खाटेशी बसायची, मला चालू करायची, अंतऱ्याचे शब्द वहीत होतेच, ते घेऊन चाल लावून बघायची. बुवा मान हलवायचे, नाही. दुसरी चाल. नाही. तिसरी. नाही.

आणि ते डावा हात उचलून तळवा खाली करून हळूहळू खाली न्यायचे. खाली, खाली, चादरीपर्यंत.

मला कळत होतं! खाली उतर म्हणत होते! पण ताईच्या स्वप्नातही नव्हतं की अंतरा खाली उतरतो. तिनं आजवर शिकलेला प्रत्येक अंतरा वरच गेलेला. आणि तालमीत हात असा खाली आणला की त्याचा अर्थ त्या घरात एकच होता, जरा हळू, घाई नको. जन्मभर बुवांनी तिला तो हात त्याच अर्थानं दाखवलेला. मग ती लय कमी करून, आवाज मऊ करून, पुन्हा वरच जायची. बुवा पुन्हा हात खाली आणायचे. ती म्हणायची, "अजून हळू, बाबा?" आणि बुवांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

दीड महिना मी हे धरत होतो. तिचा आवाज धरला, त्यांचं हं धरलं. हात फितीवर उमटत नाही.

एका सकाळी ताईचा घसा पार बसला होता. तरी ती गायली. वर जाणारी, गोड, सरळ चाल. कुठल्याही अंतऱ्याला शोभली असती अशी. गाता गाता तिचा आवाज फुटला आणि ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली-वर केली. हो. हाच.

मी तिथंच किंचाळलो असतो. माझ्या पोटातून फक्त किर्र निघालं, आणि ते कुणी ऐकलं नाही, कारण ज्यांना ऐकू आलं असतं त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अकरा दिवसांनी बुवा गेले.

ताईनं नोकरी सांभाळून वर्ग चालू ठेवला. सकाळी सात-आठ मुली यायच्या. आजोबांची चीज तिनं अंतऱ्यासकट शिकवली, दार उघडं ठेवून, सगळ्यांना एकदम. मला वर्गात मध्यभागी ठेवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. मुली तो अंतरा छान म्हणायच्या. लोकांनाही आवडला. मी धरत होतो आणि आतल्या आत कुढत होतो.

एका सकाळी वर्ग सुटताना दारात कंपाउंडर उभा. चप्पल बाहेर काढून, आत यावं की नको अशा विचारात.

"ये ना दादा. आता कोण नको म्हणणार?"

तो आला, भिंतीपासून लांब बसला. बुवांच्या जागेकडे बघायचं टाळत होता. मग म्हणाला, "जिन्यात उभा राहून ऐकलं मी. ताई, राग मानू नका. हा तो अंतरा नव्हे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

तो चमकला. मीही चमकलो, खरं सांगतो.

"बाबांनी मान हलवली ती माझी दया येऊन. लेक आहे मी त्यांची, मला कळत नाही होय? पण मग काय करू? जागा रिकामी ठेवू? म्हटलं, निदान त्यांनी हो म्हटलेलं काहीतरी असू दे तिथं."

कंपाउंडर सतरंजीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "मला गाता येत नाही. स्वर एकही आठवत नाही. पण एवढं आठवतं की, तो खाली जायचा."

"खाली?"

"हो. वर निघायचा आणि खाली जायचा. मला भीती वाटायची उतरताना, तेवढं आठवतं. जिना अंधारात उतरतो ना आपण, तसं."

ताईचा डावा हात आपोआप उचलला गेला. तळवा खाली झाला. हात हळूहळू खाली आला, तिच्या मांडीपर्यंत. ती त्या हाताकडे बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "ते खाली म्हणत होते रे. दीड महिना रोज म्हणत होते. मी हळू समजले."

ती लगेच तंबोरा घेऊन बसली. "चल. खाली तर खाली. कुठून वळायचं? पंचमावरून? धैवतावरून?" ती एक वळण घ्यायची, त्याच्याकडे बघायची. तो डोळे मिटून ऐकायचा, तोंड उघडायचा, आता येणार असं वाटायचं, आणि तोंडातून हवा यायची. पाच वेळा. दहा वेळा. ताईनं घेतलेलं एक वळण अगदी जवळ आलं होतं, एका स्वरानं चुकलं. मी ओरडत होतो, तिथंच, तिथंच, एक पायरी अलीकडे! आणि ती पुढच्या वळणाला गेली. दवाखान्याची वेळ झाली तेव्हा कंपाउंडर उठला. "असेल तो यातला एखादा," म्हणाला. "पण कुठला, हे आठवत नसताना सांगायचा मला हक्क नाही."

दुसऱ्या दिवसापासून ताईनं तो गोड अंतरा शिकवणं बंद केलं. आजोबांची चीज आता त्या घरात अस्ताईपर्यंतच गातात. गाऊन झालं की मुली थांबतात. कधी कोणी पाहुणा विचारतो, "एवढीच?" ताई म्हणते, "होती पुरी. आमच्याकडून अर्धी हरवली." पाहुण्याला वाटतं ही विनयानं बोलतेय. तो हसून मान डोलावतो.

त्यानंतर वर्षभरात माझा पट्टा तुटला. ताईनं दुरुस्तीवाल्याकडे तीन चकरा मारल्या. त्यानं सांगितलं, "बाई, नवा घ्या, याच्यात काही राहिलं नाही." त्याला काय माहीत याच्यात काय राहिलंय. एकसष्ट कॅसेटी पत्र्याच्या डब्यात आहेत, त्यांतल्या काहींच्या फिती एकमेकींना चिकटायला लागल्यात. आणि तो अंतरा माझ्यात आहे, सगळाच्या सगळा, वळायच्या जागेसकट. मी मोडीत निघालो की तोही निघेल. एखाद्या भंगारवाल्याच्या गाडीवर, दुचाकीचं हँडल आणि पत्र्याचे डबे यांच्यामध्ये, आजोबांचा अंतरा जाईल, आणि ओढणाऱ्याला वजन तेवढंच लागेल.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखे जुने लोक म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. माझी नाही पुसलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, आणि त्याला काही असं येत असेल जे दुसऱ्या कोणाला येत नाही, मग ते गाणं असो, विणकाम असो, नाहीतर दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची पद्धत, तर आज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसा. तो म्हणेल, अजून तू कच्चा आहेस. म्हणू दे. तो म्हणेल, घसा बरा नाही. फाटक्या आवाजातलं घ्या. रागावून म्हणाला विसर, तर त्याचं तेवढं एक ऐकू नका, मी सांगतो म्हणून ऐकू नका. आणि आत नळ चालू असेल तर उठून आधी तो बंद करा.